स्क्रायबस १.६ : पानं लावताना कटकट, प्लेट काढताना निवांत

आधीच सांगते, स्क्रायबसवर माझा फार जीव आहे असं नाही. दिसायला जुनाट, मेनू लांबच लांब, आणि एखादी साधी गोष्ट कुठे दडवून ठेवली असेल याचा अंदाज यायला दोन-चार महिने जातात. तरी गेली चार वर्षं छापायला जाणारी माझी प्रत्येक पुस्तिका यातूनच बाहेर पडते. पानं लावताना मी त्याला शिव्या घालते आणि पीडीएफ काढताना हात जोडते. या परीक्षणात पीडीएफ काढण्याबद्दलच जास्त बोलणार आहे, कारण पानं सुंदर कशी लावावीत हे सांगणारे खूप भेटतात. ती फाइल मशीनपर्यंत धड कशी पोचवायची हे कुणी सांगत नाही.

ज्यांनी नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्क्रायबस हे पुस्तकं-मासिकांची पानं लावायचं मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर. फ्रान्झ श्मिड यांनी ते सुरू केलं, १.० आवृत्ती २००३ मध्ये आली. लिनक्स, विंडोज, मॅक तिन्हीवर चालतं. १.६.० ही स्थिर आवृत्ती १ जानेवारी २०२४ ला आली. त्याआधी कित्येक वर्षं लोक १.५ ची ‘अजून काम चालू आहे’ अशी पाटी लावलेली मालिकाच वापरत होते, मीही त्यातलीच.

मी मूळची चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये पानं लावणारी. आम्हाला शिकवलेलं एकच शास्त्र: सगळं सिलेक्ट करा, कर्व्ह करा (म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करून टाका, ज्यात मग टाइप करून दुरुस्ती होत नाही), पाठवून द्या. फाँटची भानगड नको, समोरच्याकडे फाँट आहे की नाही विचारायला नको. ते चालायचंही. पण ४८ पानांचा मजकूर कर्व्ह केल्यावर तिसऱ्या पानावर एक वेलांटी चुकल्याचं लक्षात आलं की मग बसा. अशाच एका रात्रीनंतर मी स्क्रायबसकडे वळले, आणि पहिल्याच कामात तोंडघशी पडले. चूक माझीच होती.

काम होतं ए५ आकाराची ४८ पानी पुस्तिका, झाडांची पानं कशी ओळखावीत याबद्दल. मजकूर स्क्रायबसमध्ये, पण पानांच्या आकृत्या मी इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढल्या होत्या. देठ, शिरा, कडा, आणि प्रत्येकाला बाण लावून ७ पॉइंटमध्ये नावं. तिथली एसव्हीजी (रेघांच्या चित्राची) फाइल स्क्रायबसमध्ये आणली, जागेवर बसवली. पडद्यावर काळंभोर, सुरेख. पीडीएफ काढली, पाठवली, छापून आली.

छापखान्यातल्या मशीनवाल्या दादांनी मला बोलावून घेतलं. रागावले वगैरे नाहीत. भिंग पुढे केलं आणि एका आकृतीवर ठेवून म्हणाले, “ताई, बघा जरा.” ‘शिराजाळ’ असा शब्द होता. भिंगाखाली ‘ळ’च्या एका पोटाला गुलाबी कड आली होती, दुसऱ्या बाजूला निळसर. शिरोरेघ तर दोन रेघांची झाली होती. “तुमचा काळा चार प्लेटवर आलाय,” ते म्हणाले. “मजकूर एका काळ्यात आहे, तो बघा कसा खणखणीत उठलाय. हे अक्षर नाही राहिलं, नक्षी झालीये.”

झालं होतं असं. रंगीत छपाईत चार शाया, आणि प्रत्येक शाईची प्लेट वेगळी. इंकस्केपमधला काळा हा पडद्याचा काळा, म्हणजे लाल-हिरवा-निळा तिन्ही शून्य. छपाईत त्याचं रूपांतर होताना रंग-प्रोफाइल (पडद्याचे रंग शायांमध्ये कसे बदलायचे ते ठरवणारी फाइल) त्याला फक्त काळ्या शाईत बसवत नाही. सियान, मॅजेंटा, यलो आणि काळा अशा चारही शाया मिळून तो गडद काळा तयार करतं. मोठ्या चित्रात ते चालतं, उलट हवंच असतं. पण ७ पॉइंटच्या अक्षराची रेघ असते केसाएवढी. चार प्लेट एकमेकींवर तंतोतंत बसल्या नाहीत, कागद अगदी किंचित सरकला, की त्या केसाला रंगीत झालर लागते. मशीन कितीही चांगलं असलं तरी हे थोडं होणारच. मशीनवाल्याचा यात काही दोष नाही.

घरी येऊन मी तीच फाइल पुन्हा उघडली आणि तोवर कधीच न उघडलेली एक खिडकी उघडली: फाइल मेनूतली आउटपुट प्रिव्ह्यू. पान दिसतं, आणि शेजारी चार शायांची नावं, प्रत्येकापुढे खूण. काळ्याची खूण काढली. मुख्य मजकूर अख्खा गायब झाला, पान कोरं. बरोबर, तो फक्त काळ्याच प्लेटवर होता. आणि त्या कोऱ्या पानाच्या मधोमध आकृतीची नावं मात्र तशीच उभी, मळकट तपकिरी रंगात, भुतासारखी. ‘शिराजाळ’, ‘देठ’, ‘दंतुर कडा’. छापायच्या आधी वीस सेकंद ही खिडकी उघडली असती तर भिंगाखाली मान घालायची वेळ आली नसती.

दुरुस्तीही मग सोपी निघाली. स्क्रायबस बाहेरून आलेल्या प्रत्येक रंगाची नोंद रंगांच्या यादीत करतो, आणि एसव्हीजीतून आलेल्या रंगाचं नाव ‘फ्रॉम एसव्हीजी’ असं सुरू होतं, पुढे रंगाचा आकडा. माझ्या यादीत सहा शून्यांचं एक नाव मुकाट्याने बसलेलं होतं. ‘रिप्लेस कलर्स’मध्ये जाऊन त्याच्या जागी ब्लॅक सांगितलं की सगळ्या आकृत्यांतला तो रंग एका झटक्यात बदलतो. दोन मिनिटांचं काम. आता माझा नेम असा: काम संपलं की आधी रंगांची यादी उघडायची आणि ‘फ्रॉम’ने सुरू होणारं जे दिसेल त्याची चौकशी करायची.

(आउटपुट प्रिव्ह्यूची खिडकी चालायला घोस्टस्क्रिप्ट नावाचा दुसरा प्रोग्रॅम लागतो. विंडोजवर तो वेगळा उतरवून घ्यावा लागतो. तो नसेल तर स्क्रायबस सुरूच होणार नाही असं नाही, पण मग तुम्ही डोळे मिटून गाडी चालवताय.)

रंगांच्या त्याच यादीत अजून एक सापळा आहे. स्क्रायबसमध्ये तयार रंग म्हणून काळ्याचे बरेच भाऊबंद मिळतात: ब्लॅक, रिच ब्लॅक, कूल ब्लॅक, वॉर्म ब्लॅक आणि रजिस्ट्रेशन. पडद्यावर सगळे जवळजवळ सारखेच दिसतात. मजकुराला साधा ब्लॅक. मुखपृष्ठावर मोठा काळा पट्टा हवा असेल तर रिच ब्लॅक, कारण एकट्या काळ्या शाईचा मोठा ठोकळा राखाडी, झिजल्यासारखा दिसतो. आणि रजिस्ट्रेशनला हात लावू नका. तो कटिंगच्या आणि जुळवणीच्या खुणांसाठी आहे, म्हणजे चारही शाया प्रत्येकी १०० टक्के, एकूण ४००. एवढी शाई कागदावर ओतली तर ती वाळत नाही, वरच्या कागदाच्या पाठीला लागते आणि गठ्ठाच्या गठ्ठा डागाळतो. मी एकदा एका नवशिक्या मित्राच्या फाइलमध्ये अख्खा अग्रलेख रजिस्ट्रेशनमध्ये पाहिलाय. ‘सगळ्यात काळा वाटला म्हणून घेतला’, हे त्याचं उत्तर.

शाईचाच विषय निघालाय तर हेही. त्याच प्रिव्ह्यूच्या खिडकीत ‘इंक कव्हरेज’ दाखवायची सोय आहे. तुम्ही मर्यादा टक्क्यांत सांगायची, त्याहून जास्त शाई जिथे पडणार तो भाग तो रंगवून दाखवतो. ऑफसेटवर गुळगुळीत आर्ट पेपर असेल तर साधारण ३०० ते ३३० टक्क्यांपर्यंत चालतं, वर्तमानपत्राच्या कागदाला २४० च्या आसपासच थांबावं लागतं. नेमका आकडा छापणाऱ्याला विचारावा. तो कागद, मशीन आणि त्याच्या हाताखालची माणसं बघून सांगतो. मी एका मुखपृष्ठासाठी रात्रीच्या जंगलाचा फोटो घेतला होता. नुसत्या डोळ्यांना काही खटकलं नाही, आणि या खिडकीत झाडांच्या बुंध्यांपासून खालचा अर्धा फोटो पेटून उठला. तो पेटलेला भाग बघून मला पहिल्यांदा समजलं की ‘शाई जास्त होतेय’ असं जुने लोक म्हणायचे ते नक्की काय.

यावरचा उपाय रंग-प्रोफाइलमध्ये आहे, आणि इथे स्क्रायबस सुरुवातीला तुम्हाला काहीच मदत करत नाही. नवीन बसवलेल्या स्क्रायबसमध्ये कलर मॅनेजमेंट, म्हणजे या प्रोफाइलनुसार रंग सांभाळायची सोय, बंद असतं. ते सुरू करायचं, आणि छापणाऱ्याने सांगितलेलं प्रोफाइल बसवायचं. युरोपियन कलर इनिशिएटिव्हच्या संकेतस्थळावर ऑफसेटची प्रमाण प्रोफाइलं मोफत मिळतात. आर्ट पेपरसाठीचं ‘आयएसओ कोटेड व्ही२’ हे ३३० टक्क्यांपर्यंत शाई धरतं, आणि त्याचाच ३०० वाला भाऊ वेगळा आहे. जंगलाचा फोटो मी ३०० वाल्याने रूपांतरित केला आणि आग विझली. छापून आल्यावर बुंध्यांच्या साली वेगवेगळ्या दिसत होत्या, काळा लगदा झाला नव्हता.

कलर मॅनेजमेंट बंद ठेवण्याचा आणखी एक परिणाम मला फार छळून गेला. पीडीएफ काढताना आवृत्ती निवडायच्या यादीत पीडीएफ-एक्स सापडेना. मी एक अख्खी संध्याकाळ ‘माझ्याकडे अर्धवट आवृत्ती उतरलीये’ असं समजून पुन्हा पुन्हा उतरवत बसले. कलर मॅनेजमेंट सुरू केल्याशिवाय तो पर्याय देतच नाही, एवढंच होतं. एक ओळ लिहिली असती तिथे, तर काय बिघडलं असतं?

पीडीएफ-एक्स हा काय प्रकार, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. साधी पीडीएफ काहीही पोटात घालते: व्हिडिओ, दुवे, न जोडलेले फाँट, वाटेल त्या रंगातली चित्रं. पीडीएफ-एक्स म्हणजे छपाईसाठी घालून दिलेली शिस्त. फाँट आतच हवेत, पानाचा कापायचा आकार नोंदलेला हवा, कोणत्या छपाईसाठी फाइल बनवली ते सांगितलेलं हवं. त्यातही घराणी आहेत. १-ए हे सर्वांत सोवळं: फक्त चार शाया आणि खास शाया, पडद्याचे रंग चालत नाहीत, पारदर्शकता चालत नाही. ३ मध्ये प्रोफाइल जोडलेले पडद्याचे रंग चालतात, पारदर्शकता तरीही नाही. ४ मध्ये पारदर्शकताही चालते. जुनी यंत्रणा असलेला छापखाना अजून १-ए मागतो, नवी असेल तर ४ म्हणतो. तिन्ही स्क्रायबसमधून निघतात. फुकटच्या सॉफ्टवेअरकडून हे मिळणं ही लहान गोष्ट नाही. मी आधी वापरत होते त्यात ‘प्रिंटसाठी पीडीएफ’ असं एक बटण होतं आणि ते आत काय करतं हे देवालाच ठाऊक.

एक खोच: पीडीएफ-एक्स काढताना पीडीएफच्या खिडकीतल्या प्री-प्रेसच्या पानावर एक माहितीची ओळ भरावी लागते. तिथे कामाचं नाव टाकलं की झालं. पहिल्या वेळी मी ती रिकामी ठेवली आणि सेव्ह का होत नाही म्हणून पडद्याशी भांडत बसले.

ब्लीडबद्दल, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर सोडायच्या जादा पट्टीबद्दल, फार लिहीत नाही, ते सगळे लिहितात. चारही बाजूंनी ३ मिमी, कडेला टेकणारं चित्र तिथपर्यंत ओढलेलं, आणि मजकूर कापायच्या रेषेपासून निदान ५ मिमी आत. स्क्रायबसमध्ये नवीन फाइल करतानाच ते भरता येतं. फक्त पीडीएफ काढताना ‘डॉक्युमेंट ब्लीड वापरा’ या खुणेकडे एकदा बघा, नाहीतर पानावर ब्लीड आहे आणि पीडीएफमध्ये नाही असं होतं. क्रॉप मार्क (कुठे कापायचं त्याच्या खुणा) हवेत की नकोत हे विचारून घ्या. बऱ्याच जणांना खुणा नकोच असतात, त्यांचं सॉफ्टवेअर स्वतः घालतं.

आता प्रीफ्लाइट. स्क्रायबसमधला प्रीफ्लाइट व्हेरिफायर पीडीएफ काढायच्या आधी पानं तपासतो: चौकटीबाहेर सांडलेला मजकूर, फाँटमध्ये नसलेलं अक्षर, रिकामी चौकट, हरवलेलं चित्र, कमी रेझोल्यूशन. यादी देतो, ओळीवर क्लिक केलं की त्या पानावर नेऊन उभा करतो. सांडलेला मजकूर हा सर्वांत मोठा फायदा. परिच्छेदाचा शेवटचा शब्द चौकटीत न मावल्याने गायब झालाय हे वाचून कळत नाही, कारण उरलेलं वाक्य अनेकदा तसंही पूर्ण वाटतं.

पण या प्रीफ्लाइटवर आंधळा विश्वास ठेवू नका. चित्राच्या रेझोल्यूशनची खालची मर्यादा त्याने मुळात १४४ पीपीआय (एका इंचात इतके पिक्सेल) ठेवलेली आहे. रंगीत छपाईला ३०० पीपीआय धरतात, तेही चित्र ज्या मापात छापायचं त्या मापाला. माझ्याकडे एका कवितासंग्रहासाठी कवीचा फोटो चॅटवरून आला होता, ९६० बाय १२८०. अख्ख्या ए५ पानावर पसरवायचा, म्हणजे ब्लीड धरून २१६ मिमी उंची. २१६ मिमी म्हणजे साडेआठ इंच. १२८० पिक्सेल साडेआठ इंचांत वाटा: दीडशे. प्रीफ्लाइटने हिरवी खूण दिली, कारण दीडशे हे १४४ पेक्षा जास्तच. चित्रावर उजवं क्लिक करून माहिती बघितली तेव्हा मूळ पीपीआय आणि प्रत्यक्ष पीपीआय असे दोन आकडे शेजारी शेजारी दिसले आणि मग डोक्यात प्रकाश पडला. कवीला सांगितलं, “सर, फोटो ईमेलने जोडून पाठवा, चॅटवर नको.” त्यांनी चॅटवरचाच फोटो ईमेलने पाठवला. तीन वेळा. शेवटी त्यांच्या मुलीने मूळ फाइल शोधून दिली.

तर पहिलं काम: प्रेफरन्सेसमध्ये जाऊन ती मर्यादा २५० तरी करा. ३०० केलीत तर २९० च्या चांगल्या फोटोवरही बोंब मारतो आणि मग माणूस सगळ्याच इशाऱ्यांकडे काणाडोळा करायला लागतो.

देवनागरीबद्दल. जुन्या १.४ मध्ये देवनागरीची अवस्था बघवत नव्हती; पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची, जोडाक्षरं हलंत घेऊन सुटी उभी राहायची. १.५.३ पासून मजकूर बसवायचं इंजिन बदललं, अक्षरं नीट जोडणारं हार्फबझ आलं, आणि आता ‘शिक्षण’, ‘र्‍हास’, ‘कर्तृत्व’ सगळं जसं हवं तसं उमटतं. पीडीएफमध्ये फाँट आत जोडला जातो, त्यामुळे कर्व्ह करायची गरज उरली नाही. छापणाऱ्याने तरी ‘कर्व्ह करूनच द्या’ म्हटलं तर फाँटच्या पानावर आउटलाइन करायची सोयही आहे. मूळ फाइलला धक्का लागत नाही. वेलांटी चुकली की मूळ फाइलमध्ये सुधारायची, पुन्हा पीडीएफ काढायची.

दोन्ही बाजूंना सरळ केलेल्या मराठी मजकुरात मोठे शब्द आले की ओळीत भगदाडं पडतात, अरुंद रकान्यात तर नदी वाहिल्यासारखी पांढरी रेघ खाली उतरत जाते. परिच्छेदाच्या शैलीत शब्दांमधली कमीत कमी जागा आणि अक्षरांचं ताणणं-आवळणं ठरवता येतं. मी अक्षरं ९८ ते १०२ टक्क्यांतच ठेवते. त्यापलीकडे गेलं की अक्षर जाड-बारीक दिसायला लागतं, आणि वाचणाऱ्याला कारण कळलं नाही तरी पान खुपतं.

नवे लोक एका गोष्टीवरून हमखास चिडतात: ठळक करायचं ‘बी’ बटण कुठेय? नाहीये. स्क्रायबस खोटा ठळक बनवत नाही. फाँटचा ठळक भाऊ तुमच्याकडे असेल तर तो निवडा, नसेल तर नाही. मलाही सुरुवातीला हे आडमुठेपणाचं वाटलं. मग लक्षात आलं की इतर ठिकाणी ते बटण अक्षराभोवती रेघ मारून जाडी देतं, आणि देवनागरीत अशी जाडी दिली की ‘ष’ आणि ‘प’ची पोटं भरून जातात, छापताना शाई पसरल्यावर तर अनुस्वार शिरोरेघेला चिकटतो. या एका बाबतीत त्याचा आडमुठेपणा मला मान्य आहे.

आता रडगाणं. तक्ते. स्क्रायबसमध्ये तक्ते करता येतात असं ते म्हणतात. मी ते एकदा केलं, पुन्हा करणार नाही. वार्षिक अहवालातले जमाखर्च मी रकान्यांच्या चौकटी आणि टॅब लावूनच करते. लांब मजकूर एकमेकांना जोडलेल्या चौकटींतून शंभर-दीडशे पानं वाहवला की एक अक्षर टाइप केल्यावर चहा करून यावं इतका वेळ लागतो. प्रकरणागणिक वेगळी फाइल केली की बरं चालतं. इनडिझाइन या पानं लावायच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरची नेहमीची फाइल उघडत नाही, आयडीएमएल या प्रकारात करून मागावी लागते, आणि ती उघडली तरी पानं थोडी विस्कटलेलीच येतात. पँटोनचे (क्रमांक दिलेल्या तयार शायांचे) रंग परवान्याच्या कारणाने सोबत येत नाहीत. खास शाई हवी तर स्वतः रंग तयार करून त्याला स्पॉट म्हणावं लागतं, आणि नाव छापणाऱ्याने सांगितलं तेच, जसंच्या तसं. एक स्पेस चुकली तरी पाचवीऐवजी सहावी प्लेट निघते.

सर्वांत धोकादायक गोष्ट मात्र वेगळीच आहे. कुणी जाहिरात पीडीएफ म्हणून देतं, ती आपण चित्राच्या चौकटीत ठेवतो. स्क्रायबस ती मुळात चित्र म्हणून धरतो, आणि पीडीएफ काढताना तिच्यातल्या अक्षरांचेही ठिपके करून टाकतो. ३०० पीपीआयचे ठिपके फोटोला ठीक, बारीक अक्षराला नाही. अक्षराची कड दातेरी होते. पीडीएफ तशीच्या तशी आत बसवायचा पर्याय आहे, त्यापुढे ‘प्रायोगिक’ असं लिहिलंय आणि ते खरंच प्रायोगिक आहे. माझ्या कामात बहुतेक वेळा चालला, एकदा जाहिरातीतला लोगोच उडाला. त्यामुळे तो वापरला तर निघालेली पीडीएफ पान न् पान उघडून बघा. ज्यांना फक्त दुसऱ्यांनी केलेली पीडीएफ तपासायची आहे त्यांनी यासाठी स्क्रायबस घेऊच नये. ते त्याचं काम नाही.

इम्पोझिशनही नाही, म्हणजे फर्म्यातली (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी) पानं कापून-दुमडून क्रमाने येतील अशी मांडणी. ते छापखान्याचं काम आहे आणि तिथेच राहू द्यावं. समोरासमोरची पानं जोडून पाठवू नका, एकेक पान क्रमाने द्या. मात्र पानं चारच्या पटीत आहेत का, हे स्क्रायबस सांगत नाही. मधोमध पिना मारायच्या पुस्तिकेत ४६ पानं होत नाहीत. मी पाठवली होती. दादांनी फोन करून विचारलं, “ताई, शेवटची दोन कोरी सोडू की तुम्ही काही देताय?”

कुणी घ्यावं? ज्यांची कामं मजकुराची आहेत, पानं बरीच आहेत, आणि छापून येणार आहेत, त्यांनी जरूर. पोस्टर, निमंत्रणं, एकपानी कामं करणाऱ्यांनी जे वापरताय तेच वापरावं, इथे डोकेफोड करण्यात अर्थ नाही. शिकायला महिनाभर धरा. सुरुवात पानं लावण्यापासून करू नका. कुठलंही जुनं चार पानी काम आत आणा आणि सरळ प्रिव्ह्यूच्या खिडकीत जाऊन एकेक शाई बंद-चालू करून बघत बसा.

आणि एक, नवी आवृत्ती बसवायच्या आधी चालू कामं ‘कलेक्ट फॉर आउटपुट’ने एका फोल्डरमध्ये चित्रं-फाँटसकट गोळा करून ठेवा. १.६ मध्ये एकदा सेव्ह केलेली फाइल १.४ मध्ये परत उघडत नाही. झाडांच्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती करायची वेळ आली तेव्हा माझ्याकडे त्या फोल्डरमुळेच सगळ्या आकृत्या सापडल्या. ‘शिराजाळ’ आता एका प्लेटवर आहे.